साकव बांधला की पाऊस

(पडद्यावर : मे महिन्याचा शेवट. आटलेला नाला, पात्रात मोठमोठे धोंडे. सात-आठ माणसं एक लांब लाकडी सोट खांद्यावरून वाहून आणताहेत.)

या धोंड्यांवरून आज लहान पोरं उड्या मारत पलीकडं जातात. पाणी घोट्यालाही लागत नाही. आणखी तीन आठवड्यांनी इथं म्हैस उतरली तर ती हाती लागायची नाही. म्हणून आज गाव शेतावर गेलेलं नाही. घरटी एक माणूस नाल्यावर आलाय. साकव, म्हणजे नाल्यावरचा लाकूड-बांबूचा पूल, बांधायचा आहे.

हे गाव बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातलं, भीमगडच्या रानातलं. खानापुरातून हेमाडग्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात मोकळी शेतं मागं पडतात आणि दोन्हीकडून झाडी अंगावर येते. एका वळणावर बसमधून उतरायचं, पुढचं चालत. गवाळी, पास्तोली, कोंगळा, अमगाव, देगाव, तळेवाडी... या पट्ट्यातली गावं अशीच रानात विखुरलेली आहेत. त्यातल्या कुठल्या गावात आम्ही राहिलो, ते मुद्दाम सांगत नाही. इथल्या माणसांनी आम्हाला चुलीपाशी बसवलं, त्यांच्या दारात उद्या बघ्यांची गर्दी नको.

(पडद्यावर : म्हातारे हात. वेलीचा पीळ. गाठ.)

साकवाची उंची कागदावर ठरत नाही. काठावरच्या झाडांकडं बघा. फांद्यांच्या बेचक्यांत वाळका पालापाचोळा अडकलेला दिसतो. गेल्या पावसात पाणी तिथवर चढलं होतं. त्या खुणेच्या वर दोन हात सोडायचे आणि तिथं पहिला सोट टेकवायचा. दोन्ही काठांवरची दोन जाडजूड झाडं हेच खांब. सोटांवर बांबू अंथरायचे, ते आडव्या काठ्यांनी आवळायचे, एका बाजूला धरायला कठडा. पूर्वी सगळं वेलींनीच बांधत. आता काही ठिकाणी तार आली आहे, पण पाय पडतो तिथं जुनी माणसं अजून वेलच घालतात. तार गंजते आणि एक दिवस अचानक तुटते. वेल आधी सैल होते, पायाला कळतं. हे ऐकल्यापासून आम्ही कुठलाही पूल ओलांडताना पायाकडं लक्ष देतो.

सोट नवे नाहीत. पाऊस सरला की साकव सोडवतात आणि लाकडं कोरड्या जागी जपून ठेवतात. किडलेला सोट तेवढा बदलायचा.

मग पाऊस येतो. घाटमाथ्याचा पाऊस बेळगावच्या माणसालाही सांगून कळत नाही. अमगावात काही वर्षी तो दहा हजार मिलीमीटरच्या घरात गेलेला आहे. जूनच्या मध्यापासून कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल चढते, दिवसाढवळ्या घरात दिवा लागतो. जिथं विजेच्या तारा आल्या नाहीत, तिथं सौर दिवाही ढगांपुढं हरतो. चूल मात्र विझत नाही. तिच्यावर बांबूची ताटी टांगलेली असते, आणि त्या एका ताटीवर किती संसार मावतो! बियाण्याची कणसं, सुकी मिरची, भिरंडाची म्हणजे कोकमाची सोलं, ओली झालेली सरपणाची ढलपी, कधी शाळेची वहीसुद्धा. धुराचा वास प्रत्येक वस्तूला लागतो. इथल्या भाकरीला, गोधडीला आणि माणसाच्या मायेलाही तो वास आहे, असं मला वाटत राहिलं.

पावसाची बेगमी आधीच झालेली असते. मीठ, गूळ, चहा, काड्यापेट्या, सुके बांगडे. एकदा नाला भरला की काड्यापेटीसाठी कुणी साकवावर जीव धोक्यात घालत नाही.

(पडद्यावर : चिखलात वाकलेल्या बायका. डोक्यावर इरली. पाऊस.)

रोप लागणीचे दिवस. सकाळी उकड्या तांदळाची पेज, नाहीतर नाचण्याची आंबील पिऊन बायका चिखलात उतरतात, त्या अंधार पडेपर्यंत. आज या घरची लागण, उद्या त्या घरची. मजुरीचा हिशेब नाही, फेडाफेडीचा आहे, आणि तो कुणी लिहून ठेवत नाही. दुपारी बांधावर बसून नाचण्याची भाकरी, त्यावर टाकळ्याची भाजी. पहिल्या गडगडाटानंतर अळंबी सापडली तर त्या दिवशी घरात सण.

पीक पोटरीत आलं की गवे येतात. रानडुकरं येतात. मग बांधावर चार खांबांचा माळा उभा राहतो आणि घरातला एकजण रात्रभर डबा बडवत जागतो. गव्याला इथं कुणी शिव्या देत नाही. रानात आपण राहिलोय, तो आधीपासून आहे, एवढं प्रत्येकजण धरून चालतो. पण तीन महिन्यांची मेहनत एका रात्रीत तुडवली गेली की सकाळी शेताकडं बघणारा चेहरा आम्हाला चित्रित करवला नाही.

याच डोंगरांतून नद्या निघतात. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला वळते, कूडलसंगमाला कृष्णेत मिसळते आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जाते. देगावच्या रानात म्हादई निघते. ती पश्चिमेला कड्यांवरून खाली गोव्यात उतरते, तिथं तिची मांडवी होते आणि पणजीपाशी ती अरबी समुद्राला मिळते. एकाच माथ्यावरचा पाऊस, दोन समुद्र. म्हादईच्या पाण्यावरून राज्यांचा वाद आहे, २०१८ साली लवादाने निवाडाही दिला. त्या वादात आकडे अब्ज घनफुटांत बोलले जातात. इथं उगमापाशी मे महिन्यात एक बाई झऱ्याच्या खळग्यात नारळाची करवंटी बुडवून कळशी भरते. एक कळशी भरायला किती वेळ लागतो? आम्ही कॅमेरा न थांबवता ठेवला आहे. बघा.

(पडद्यावर : करवंटी, कळशी. निवेदन नाही. फक्त पाण्याचा आवाज.)

२०११ मध्ये सुमारे १९० चौरस किलोमीटर रान भीमगड अभयारण्य म्हणून जाहीर झालं. ते व्हायलाच हवं होतं. इथल्या बारापेडे गुहांतलं वटवाघूळ जगात मोजक्याच ठिकाणी सापडतं. पण रान राखायचं म्हणजे डांबर, खांब, पूल यांना परवानगी मिळणं अवघड, आणि पोरांना शिकवायचं म्हणजे रस्ता हवा. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांची ओढाताण या गावाच्या उंबऱ्यावर होते.

ती सगळ्यात जास्त कळते आजारपणात. कांबळ्याची झोळी, मधोमध बांबू, दोन्ही टोकांना माणसं, मागं बदलीला आणखी चार. साकवावरून झोळी नेताना कुणी बोलत नाही. पलीकडं चार-पाच किलोमीटर चिखल, मग रस्ता, मग गाडी. गावातल्या प्रत्येक घराला अशी एखादी रात्र आठवते. काही घरांना झोळी परत आलेली आठवते.

गाव सोडणाऱ्या कुटुंबाला सरकारने पंधरा लाखांची भरपाई ठरवली आहे. तळेवाडीच्या कुटुंबांनी ती वाट धरली. इथं चव्हाट्यावर त्यावर बोलणं निघतं. तरुण बहुतेक गोव्यात कामाला आहेत, त्यांना जायचं आहे. म्हातारे ऐकून घेतात. कार्यालयातून येणारा कागद कन्नडमध्ये असतो. शाळेत कन्नड शिकलेली नात तो ओळीओळीनं वाचते आणि आजोबांना मराठीत सांगते. देवीचं ठिकाण, पूर्वजांची जागा, फणसाची झाडं यांचं त्या कागदात काय होणार, हे आजोबा तिला विचारतात. ती कागद उलटून मागची बाजू बघते.

संध्याकाळी तीच पोरगी मोबाईल घेऊन गावामागच्या टेकावर चढते. वर एका खडकापाशी रेंज मिळते. तिथून ती गोव्यातल्या बापाला फोन लावते. साकव बांधला का, तो विचारतो. बांधला, ती सांगते.

(पडद्यावर : पुन्हा नाला. काम संपलंय. माणसं हात धुताहेत.)

शेवटचा बांबू आवळून झाला. नारळ फुटला, पाणी दोन्ही टोकांच्या झाडांना वाहिलं. पहिल्यांदा गावातला सगळ्यात जाड माणूस पलीकडं चालत जातो, मग परत येतो, मधोमध थांबून दोनदा दाबून बघतो. मागून पोरं धावतात.

सगळे घराकडं वळले तरी एक म्हातारा मागं राहिलाय. उरलेल्या वेलीचं भेंडोळं करून तो काठावरच्या झाडाला अडकवतो, हात पोचेल अशा उंचीवर. पावसात गाठ सैल झालेली ज्याच्या पायाला कळेल, त्याने ती तिथंच आवळावी म्हणून.