मोरचूद, लोहकीस आणि निळ्याचा हिशोब

(दृश्य: ग्लासात निळंशार पाणी, दोऱ्याला बांधलेला लोखंडी खिळा हळूच आत सोडला जातो.)

हे दहावीच्या प्रॅक्टिकलला आपण सगळ्यांनी केलंय, निदान मागच्या बाकावरून मान वर करून बघितलंय तरी. मोरचुदाचं, म्हणजे कॉपर सल्फेटचं द्रावण, त्यात पॉलिश पेपरनं घासलेला खिळा, आणि जर्नलमध्ये ठरलेलं वाक्य, निरीक्षण: द्रावणाचा निळा रंग फिका होतो. झालं, पुढचा ग्रुप या. पण किती फिका होतो, सगळा निळा जाईल का थोडा उरेल, हे तेव्हा कोणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण वर्गात स्टॅंड एकच होता आणि मागे रांग होती.

आज विचारूया. फक्त आज खिळ्याबरोबर वजनकाटा पण आहे, पॉइंट झिरो वन ग्रॅमपर्यंत दाखवतो तो.

(दृश्य: काट्यावर कागद, त्यावर निळे खडे. आकडा ५.०० वर थांबतो.)

हे ५ ग्रॅम मोरचूद. नावातच मोर आहे आणि रंग बघितला की का ते कळतं. कृषी सेवा केंद्रात किलोनं मिळतं, विषारी आहे, त्यामुळे स्वयंपाकघरातली भांडी याला लावायची नाहीत, हात धुवायचे. आता गणित म्हणतं याचे मोल काढा, मोल हे कण मोजायचं रसायनशास्त्रातलं माप. म्हणजे वजनाला रेणुवस्तुमानानं भागा. कॉपर ६३.५, सल्फर ३२, चार ऑक्सिजनचे ६४, बेरीज १५९.५, बरोबर?

इथेच मी आपटलो होतो. अकरावीच्या एका टेस्टमध्ये १५९.५ नं भागलं, ०.०३१ मोल आले, पुढची पायरीन् पायरी बरोबर आणि उत्तर साफ चूक. पेपर परत आला तेव्हा त्यावर लाल पेनानं एकच शब्द होता, "पाणी?"

हे खडे कोरडे दिसतात पण कोरडे नसतात. कॉपर सल्फेटच्या एका एककाबरोबर पाण्याचे पाच रेणू आत बसलेले असतात, पुस्तकात त्याला स्फटिकजल म्हणतात. पाच गुणिले अठरा, ९०. म्हणजे खरा आकडा २४९.५, आणि ५ ग्रॅममध्ये साधारण ०.०२ मोल. आणि ९० भागिले २४९.५ करा, ३६ टक्के येतात. आपण दुकानातून किलोभर मोरचूद आणतो ना, त्यात ३६० ग्रॅम चक्क पाणी असतं, तेही मोरचुदाच्या भावानं.

(दृश्य: आडवी धरलेली परीक्षानळी, तोंड किंचित खाली. काचेवर थेंब जमतात, निळा चुरा कडेनं पांढरा होत जातो.)

तेच पाणी तापवून बाहेर काढतोय. नळीचं तोंड खाली का, तर वाफेचे थेंब परत गरम काचेवर ओघळले की नळी तडकते. आणि घाई करायची नाही, फार तापवलं तर पांढऱ्याच्या पुढे जाऊन काळं पडायला लागतं. हिशोबानं ५ ग्रॅमचे ३.२ राहायला पाहिजेत. काटा दाखवतोय ३.२४. चालेल, थोडं पाणी अजून चिकटून आहे.

आता या पांढऱ्या पावडरीवर ड्रॉपरनं एक थेंब पाणी. बघा. लगेच निळं, आणि नळीला हात लावला तर कोमट लागते. म्हणजे निळा रंग नुसत्या तांब्याचा नाही आणि सल्फेटचा तर अजिबात नाही, तांब्याभोवती पाण्याचे रेणू गोळा झाले की तो दिसतो. सल्फेटवर संशय घ्यायची सवय बऱ्याच जणांना असते, पण झिंक सल्फेट पाण्यात टाका, सोडियम सल्फेट टाका, पाणी पाण्यासारखंच राहतं. निकेल सल्फेट मात्र हिरवं, कोबाल्ट क्लोराइड गुलाबी, कारण रंग त्या धातूंचा आहे, त्यांच्या आयनमध्ये इलेक्ट्रॉनचे जे कप्पे अर्धवट भरलेले असतात ते प्रकाशातला एखादा रंग गिळतात आणि उरलेला आपल्याला दिसतो. झिंकचे ते कप्पे पूर्ण भरलेले, म्हणून तो बिनरंगी. पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्याची गोष्ट वेगळी आहे, ती इथे नको.

आता मूळ प्रश्न. खिळा फार हळू चालतो आणि वर तांब्याचं पुट चढलं की आणखीनच मंदावतो, म्हणून त्याच्याऐवजी लोहकीस घेतलाय. दोन ग्लास, दोन्हीत ५-५ ग्रॅम मोरचूद विरघळवलेलं. डावीकडे २ ग्रॅम लोहकीस, उजवीकडे फक्त ०.५६ ग्रॅम.

(दृश्य: दोन्ही ग्लास शेजारी शेजारी. ढवळल्यावर तळाला लालसर गाळ.)

लोखंडाचा एक मोल ५६ ग्रॅमचा आणि एक लोखंड एकाच तांब्याला बाहेर काढतं. ०.०२ मोल तांब्याला १.१२ ग्रॅम लोखंड पुरेसं आहे. डावीकडे त्यापेक्षा जास्त आहे, म्हणून निळा संपतो, सगळं तांबं खाली बसतं, १.२७ ग्रॅम, आणि वर राहतं फिकट हिरवं पाणी, म्हणजे हिराकस, फेरस सल्फेट. उजवीकडे लोखंड निम्मंच होतं, ते आधी संपलं, त्यामुळे निळा अर्धा उरला. पुस्तकात ज्याला लिमिटिंग रिएजंट म्हणतात तो असा डोळ्यांना दिसतो, पाणी निळं उरलं की समजायचं लोखंड कमी पडलं. मला हे पाठ करून कधीच लक्षात राहिलं नव्हतं, कोण लिमिटिंग आणि कोण एक्सेस यात कायम उलटापालट व्हायची. (डावा ग्लास रात्रभर तसाच राहिला आणि सकाळी पिवळट झाला होता, हवेतल्या ऑक्सिजननं हिराकसातलं लोखंड पुढच्या पायरीला नेलं, ती चूक नाही.)

(दृश्य: नाशिक जिल्हा, सकाळ. द्राक्षबाग, पानांवर दव, प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये आकाशी रंगाचं मिश्रण.)

हेच मोरचूद इथे बोर्डो होतं, द्राक्षावर फवारायचं बुरशीनाशक. फ्रान्समध्ये बोर्डोजवळच्या मेदॉक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर लोक मोरचूद आणि चुना मारायचे, का तर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत. १८८२ मध्ये मिलार्दे नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की त्याच वेलींची पानं डाऊनी नावाच्या रोगातून वाचलीत, आणि १८८५ मध्ये त्यानं हे मिश्रण जाहीर केलं.

एक टक्का बोर्डो म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. आता आपला हिशोब लावा. किलोभर मोरचूद म्हणजे ४ मोल, त्याला विरलेला चुना लागतो ४ गुणिले ७४, जवळपास ३०० ग्रॅम. खरी अभिक्रिया इतकी सरळ नाही, तांब्याचे मिश्र क्षार तयार होतात, पण अंदाजाला हे पुरतं. मग किलोभर कशाला? बागेतल्या काकांनाच विचारलं.

"काका, एवढा चुना का?"

"अरे चुना काय एकसारखा येतो का? जुना असला की नुसती माती."

बरोबरच आहे. पडून राहिलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खडू होतो, आणि मोकळं तांबं उरलं की कोवळी पानं करपतात, म्हणून चुना कमी पडण्यापेक्षा जास्त झालेला बरा. ज्यांच्याकडे चांगला चुना असतो ते कमी घालतात आणि पीएच बघतात.

काकांनी कालवलेल्या चुन्याच्या पाण्यात मोरचुदाचं पाणी ओतलं, काठीनं ढवळलं, आणि घासून चकचकीत केलेला विळा मिश्रणात बुडवून धरला. मिनिटभरानं बाहेर काढला.

(दृश्य: विळ्याच्या पात्यावर लालसर डाग, जवळून.)

"बघ, चढलं तांबं."

आणखी दोन मग चुन्याचं पाणी. पुन्हा काठी फिरली. विळा राखेनं घासला, बुडवला, काढला, पातं उन्हाकडे धरून उलटसुलट बघितलं. जसं गेलं तसंच बाहेर आलं.

"हं. आता गाळ आणि पंप भर."