वेल्डिंगचा प्रवाह परत कुठून येतो

वीज पोहोचलेली नाही अशा ठिकाणी, म्हणजे पाइपलाइनच्या खंदकाशेजारी किंवा अर्धवट उभ्या असलेल्या पुलाखाली लोखंड जोडायचे असेल, तर इंजिनवर चालणारा वेल्डिंग संच न्यावा लागतो. त्याचे इंजिन आतला जनरेटर फिरवते आणि त्यातून दोन प्रकारची वीज मिळते. एक वेल्डिंगसाठी असते. तिचे व्होल्टेज कमी, पण प्रवाह शंभर-दोनशे अँपिअरचा किंवा त्याहूनही अधिक असतो. दुसरी ग्राइंडर, ड्रिल आणि दिव्यांसाठी संचावरच्या सॉकेटांतून घेतली जाते. या दोन्ही विजांचे परतीचे मार्ग वेगळे आहेत, आणि ते एकमेकांत मिसळू न देणे हेच मांडणीतले खरे काम आहे.

संच उघड्यावर, सपाट आणि टणक जमिनीवर ठेवावा, कारण इंजिन जास्त कलले तर वंगणतेल सर्व भागांपर्यंत पोहोचत नाही. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. त्यामुळे संच खिडक्या-दारांपासून निदान 6 मीटर दूर ठेवून धूर माणसांपासून लांब जाईल अशी दिशा निवडावी. शेडमध्ये, तळघरात किंवा खंदकात तो चालवूच नये. दार उघडे ठेवले म्हणजे भागते, हा समज जीवघेणा आहे. इंधन इंजिन बंद करून, ते थंड झाल्यावरच भरावे.

आता संचाच्या बॉडीकडे पाहू. सॉकेटांच्या अर्थ पिना आतून बॉडीशी जोडलेल्या असतात. न्यूट्रलही, म्हणजे सॉकेटांची परतीची वायरही, बॉडीशी जोडलेला असेल, तर ग्राइंडरमधली फेज वायर त्याच्या धातूच्या आवरणाला टेकताच मोठा प्रवाह अर्थ वायरमधून परत येतो आणि ब्रेकर पडतो. न्यूट्रल मोकळा असेल तर पहिल्या बिघाडाला ब्रेकर पडत नाही, आणि तिथे साध्या गळती-संरक्षक स्विचवरही भिस्त ठेवता येत नाही. आपल्या संचात काय आहे, हे माहितीपुस्तिकेत वाचल्याशिवाय त्यावर एकही उपकरण लावू नये.

संच गाडीच्या पाठीवर असेल, तर त्याखालचे रबर, रंग किंवा अस्तर धातूला धातूपासून वेगळे करते. मग बिघाडाच्या वेळी संच आणि गाडी या दोहोंना एकदम हात लावणाऱ्याला झटका बसू शकतो. यासाठी बॉडीच्या अर्थ बोल्टपासून गाडीच्या चासीपर्यंत तांब्याची जाड वायर न्यावी आणि ती रंग घासून काढलेल्या, चकचकीत धातूवर घट्ट आवळावी. जमिनीत अर्थिंगची सळई ठोकणे प्रत्येक वेळी आवश्यक नसते. उपकरणे केवळ संचाच्याच सॉकेटांवर चालणार असतील, तर अनेक ठिकाणचे नियम तिची सक्ती करत नाहीत. मात्र संचावरून इमारतीच्या वायरिंगला वीज द्यायची असेल, तर चेंजओव्हर स्विच (बाहेरची वीज आणि संचाची वीज यांपैकी एका वेळी एकच जोडणारा) आणि नियमानुसार अर्थिंग हवेच, आणि ते काम जाणकार वायरमननेच करावे.

वेल्डिंगच्या प्रवाहाचा या बॉडीशी काहीही संबंध नाही. तो संचातून वेल्डिंगचा रॉड धरणाऱ्या होल्डरच्या केबलने निघतो, रॉडच्या टोकाशी आर्क, म्हणजे विजेची प्रखर, सलग ठिणगी, होऊन कामाच्या लोखंडात उतरतो, आणि क्लॅम्प लावलेल्या केबलने संचाच्या दुसऱ्या टर्मिनलला परत येतो. ती केबल अर्थ बोल्टला बांधणे चूकच आहे. क्लॅम्प जोडाच्या जितका जवळ, तितका चांगला. तो दूर कुठेतरी लावला, तर दोनशे अँपिअर प्रवाह वाटेत सापडेल त्यातून परततो: मोटारीच्या बेअरिंगमधून, क्रेनच्या वायर रोपमधून किंवा इमारतीच्या बारीक अर्थ वायरमधून. बेअरिंगच्या गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात, रोपच्या तारा आतून जळतात, अर्थ वायरचे आवरण वितळते; आणि यांपैकी बरेचसे नुकसान त्या वेळी डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच ते अधिक घातक ठरते.

क्लॅम्पखालचा गंज आणि रंग खरवडून काढण्याचा कंटाळा येतो, पण हिशेब करून पाहावा. क्लॅम्पच्या सांध्यात एका ओहमचा केवळ शंभरावा भाग इतका रोध असला, तरी 200 अँपिअरला तिथे 400 वॉट उष्णता निर्माण होते, आणि ती मुठीएवढ्या जागेत साठते. केबलचेही तसेच आहे. लांबी मोजताना जाणारी आणि येणारी अशा दोन्ही केबल धराव्यात. मिळून 60 मीटर होत असतील आणि तांबे 35 चौरस मिलिमीटरचे असेल, तर 200 अँपिअरला सुमारे 6 व्होल्ट केबलमध्येच खर्ची पडतात. रॉडच्या आर्कला लागणारे व्होल्टेजच 25 ते 30 असताना ही घट लहान म्हणता येणार नाही. इतक्या अंतरासाठी 70 चौरस मिलिमीटरची केबल घ्यावी.

आर्क चालू नसताना होल्डरवर साधारण 60 ते 80 व्होल्ट असतात. कोरड्या हातमोज्यांत ते जाणवत नाहीत, पण घामाने भिजलेल्या कपड्यांत, लोखंडी टाकीच्या आत बसून काम करणाऱ्याचा जीव ते घेऊ शकतात. अशा जागी रिकाम्या होल्डरवरचे व्होल्टेज आपोआप खाली आणणारी सोय असलेला संच वापरावा, आणि टाकीबाहेर संच तत्काळ बंद करू शकेल असा माणूस उभा असावा. केबल कधीही अंगाभोवती गुंडाळू नये.

काम संपल्यावर रॉड होल्डरमधून काढावा, इंजिन काही मिनिटे भाराशिवाय चालू द्यावे आणि मग बंद करावे. त्यानंतर लगेच प्रत्येक लग (केबलच्या टोकाची धातूची जोडपट्टी) आणि क्लॅम्प यांच्याजवळ हाताची पाठ नेऊन पाहावी. जो सांधा बाकीच्यांपेक्षा गरम लागेल, तो थंड झाल्यावर उघडून, घासून, पुन्हा आवळून ठेवावा.