नागपुरात राहायचं का? घरातल्या कोणाला विचारून ठरवायचं?

मित्रहो, पुण्या-मुंबईत नोकरीची काही वर्षं काढलेली आपली मुलं आता परत यायचं म्हणतात, आणि मग घराघरांत वाद सुरू होतो. वडील म्हणतात, इथं काय ठेवलंय? मुलगा म्हणतो, तिथं तरी काय ठेवलंय, रोज दोन-तीन तास रस्त्यात जातात. दोघंही खरंच बोलत असतात. तरी वाद मिटत नाही, कारण शहर घरातल्या सगळ्यांना सारखं वाट्याला येत नाही. फायदा एकाच्या पदरात पडतो आणि किंमत दुसरं कोणी मोजतं. म्हणून आज मी नागपूर चांगलं की वाईट हे सांगणार नाही. नागपूर घरातल्या कोणाला किती पडतं, ते सांगणार आहे.

आधी देणं सांगतो. हे शहर माणसाला वेळ देतं. धरमपेठेतून बर्डी, म्हणजे मधली सीताबर्डी, बर्डीवरून महाल, ही अंतरं आजही आटोक्यात आहेत. मेट्रोची एक मार्गिका खापरीहून ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाते, दुसरी लोकमान्यनगरहून प्रजापतीनगरला, आणि दोन्ही बर्डीला भेटतात. कामावरून सुटलेला माणूस उजेड असताना घरी पोहोचतो, हे मला फार मोठं वाटतं. मुलाचा अभ्यास घेणं, आईला दवाखान्यात नेणं, शेजाऱ्याकडे जाऊन बसणं हे सगळं त्या वेळेतच होतं. दवाखान्यांच्या बाबतीत तर आपण नशीबवान आहोत. मेडिकल आणि मेयो ही दोन मोठी सरकारी रुग्णालयं आहेत, विमानतळाजवळच्या मिहान या औद्योगिक प्रकल्पात एम्स आहे. बालाघाट, छिंदवाडा, गोंदिया, गडचिरोलीची माणसं रात्रीचा प्रवास करून जिथं येतात, तिथं आपण ऑटोनं जातो. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत, त्यांनी हे जमेच्या बाजूला सगळ्यात वर लिहावं.

आता नोकरीकडे येऊ. नागपुरात एक नोकरी मिळते, दोन मिळणं कठीण. मिहानमध्ये टीसीएस आहे, इन्फोसिस आहे, एचसीएल आहे; हिंगणा आणि बुटीबोरीला कारखाने आहेत. पण नवरा-बायको दोघंही शिकलेले, दोघांचीही क्षेत्रं वेगळी, आणि दोघांनाही आजच्या पगाराला साजेसं काम हवं, म्हणजे अडचण सुरू होते. पहिली नोकरी सुटली तर त्याच तोडीची दुसरी शोधायलाही वाव कमी. याला इतिहास आहे. हे शहर मध्य प्रांताची राजधानी म्हणून वाढलं. 1956 मध्ये राजधानीचा मान गेला. 1953 च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथं व्हायला लागलं, उच्च न्यायालयाचं खंडपीठ राहिलं, कचेऱ्या राहिल्या. त्यामुळे वकील, डॉक्टर, सरकारी नोकर, व्यापारी यांचं इथं उत्तम चालतं. खासगी क्षेत्रातल्या विशेष कामाच्या माणसाला मात्र वाट बघावी लागते.

आणि वाट बघणारी बहुतेक घरांत सून असते. मुलगा परत येतो, त्याच्या आईवडिलांना आधार होतो, सगळे खूश असतात, आणि तिनं दहा वर्षांत उभं केलेलं काम मागं सुटतं. 'घरून करेल ना काहीतरी,' असं सहज म्हटलं जातं. मला हे वाक्य अन्यायाचं वाटतं. परतीचा निर्णय तिच्या हातात काम आल्यावर घ्यावा, आधी नाही.

उन्हाळ्याबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण आपण त्याची उगाच फुशारकी मारतो. 23 मे 2013 ला इथं 47.9 अंश सेल्सिअस तापमान होतं. पंचेचाळीसच्या घरात तर पारा बहुतेक वर्षी जातोच. आपला उपाय म्हणजे कूलर. हवा कोरडी असते तोवर ताट्यांवरचं पाणी झपाट्यानं उडतं आणि खोली गार होते. जूनमध्ये पावसाचे ढग जमले, हवा दमट झाली, की तोच कूलर नुसता ओला वारा टाकतो. कूलरला पाणीही लागतं, आणि ते नेमकं टंचाईच्या दिवसांत. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांचं निभतं. टिनाच्या छपराखाली राहणारं कुटुंब, भर दुपारी पार्सल घेऊन फिरणारा मुलगा, बांधकामावरची बाई, यांच्यासाठी मे महिना जिवावरचा असतो. घर बघणाऱ्यांना माझं सांगणं आहे : सगळ्यात वरचा मजला आणि पश्चिमेची उघडी भिंत शक्यतो टाळा. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग रात्री आत सोडतो. म्हाताऱ्या माणसाला दुपारपेक्षा ती रात्र जास्त छळते. डिसेंबरात येऊन, हुरडा खाऊन, शहर पसंत करू नका.

पाण्याचं दुखणं दोन्ही टोकांचं आहे. शहराची तहान मुख्यतः पेंच नदी भागवते. 2019 मध्ये तिच्यावरचं तोतलाडोह धरण इतकं खाली गेलं की भर जुलैत पाणीकपात करावी लागली. वर मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यापासून खाली येणारं पाणीही घटलं आहे. आणि 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत झोपेतल्या माणसांच्या घरात पाणी शिरलं. माणसं दगावली. पाण्याच्या वाटा आपण बांधकामानं अडवल्या, हे उघड आहे. उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक केंद्रं आहेत. वीज सगळ्या महाराष्ट्राला जाते, राख तिथल्या गावांच्या शेतांवर बसते. त्या बाजूला घर घेणाऱ्यांनी, विशेषतः घरात दम्याचं माणूस असेल तर, हे लक्षात ठेवावं.

तरीही मला कोणी विचारलं तर ज्यांच्या घरात लहान मुलं आणि थकलेले आईवडील दोन्ही आहेत, आणि दोघांच्या कामाची सोय लागते आहे, त्यांना मी जरूर या म्हणेन. करिअरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत असलेल्यांना मात्र थांबा म्हणेन. समृद्धी महामार्ग 2025 मध्ये पूर्ण झाला, मुंबईकडचे 701 किलोमीटर आता एका दिवसात सहज होतात. आईवडिलांना भेटायला येणं पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही.

येणाऱ्यांनी आल्या आल्या घर विकत घेऊ नये. आधी भाड्यानं राहा, एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढा. बेसा, बेलतरोडीकडे नवे ले-आउट भराभर पडताहेत. प्लॉटचं आरएल, म्हणजे तो नियमित झाल्याचं रिलीज लेटर, झालंय का हे कागदावर बघा, गटाराची लाइन कुठपर्यंत आली आहे ते पायी जाऊन बघा. आणि नळ येतो की टँकर, हे विकणाऱ्याला विचारू नका. शेजारच्या घरात पाणी भरणाऱ्या बाईला विचारा.