गायीच्या शब्दामागोमाग

(पहाट. उघडा खडक. दुरून घंटांचा आवाज.)

पूर्व आफ्रिकेतल्या सोमालीलँडमध्ये, हरगेसा शहराजवळ लास गील आहे. नावाचा अर्थ उंटांची विहीर. पण इथल्या खडकांवर रंगवल्या आहेत त्या मुख्यतः गायी. तांबड्या, पांढऱ्या, गळ्यात पट्ट्यापट्ट्यांचा साज ल्यालेल्या. परिसरातल्या गुराख्यांना हा खडक ठाऊक होताच. २००२ साली एक फ्रेंच पथक इथे पोहोचलं आणि जगाला तो कळला.

या गायींना त्यांचे धनी काय म्हणत असतील? खडक ते सांगत नाही. आजची माणसं मात्र सांगतात.

सोमाली माणूस गायीला 'सअ' म्हणतो. ओरोमो 'सआ', अफार 'सगा'. तांबड्या समुद्राकाठच्या डोंगरांत राहणारे बेजा 'शआ'. ही सगळी एकाच कुळातली भावंडं, कुशिटिक भाषांची. जिथे एका कुळाच्या फार जुन्या फांद्या जवळजवळ सापडतात, तिथेच कुठेतरी त्याचं मूळ असावं, असा भाषाभ्यासकांचा आडाखा. बेजा आणि इथिओपियाच्या डोंगराळ भागातले अगाव, या कुळाच्या अशा दोन जुन्या फांद्या, जवळजवळच राहतात. म्हणून बहुतेकांची नजर सुदान ते इथिओपिया या पट्ट्यावर जाते.

(तुर्काना सरोवर. वारा.)

साधारण साडेपाच हजार वर्षांपूर्वी हिरवं सहारा वाळत गेलं. कुरणं आटली, गुरं घेऊन माणसं हलली. केनियात तुर्काना सरोवराचं पाणीही मागे हटत होतं, आणि त्याच काळात, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी, लोथागम इथे गुराख्यांनी एक विलक्षण स्मशान उभारलं. मोठा चौथरा, शेजारी दगडी खांब. आत किमान ५८० माणसं. बायका, पुरुष, तान्ही बाळं, सगळी एकत्र. जवळपास प्रत्येकाच्या अंगावर दागिने. कोणी मोठा, कोणी धाकटा, असा भेद मांडणीत दिसत नाही. राजा नाही, राजवाडा नाही, तरी पिढ्यान् पिढ्या लोकांनी मिळून हे काम केलं. मला ही जागा सगळ्यात मोलाची वाटते.

त्यांची बोली कोणती, हे हाडांवरून ठरत नाही. रक्ताचं नातं आणि भाषेचं नातं या दोन गोष्टी वेगळ्या. पण पुढचा मुक्काम पाहा.

(टांझानिया. उंच पठार. ढग.)

गुरं दक्षिणेकडे सरकली ती फार संथपणे. वाटेत जनावरांचे रोग आडवे आले असावेत, असं अभ्यासक मानतात. टांझानियातल्या लक्समांडा इथे सुमारे तीन हजार शंभर वर्षांपूर्वीच्या एका व्यक्तीचा डीएनए मिळाला. तिचा जवळपास ३८ टक्के वारसा पश्चिम आशियातल्या प्राचीन शेतकऱ्यांशी जुळतो, उरलेला आफ्रिकेतला. कधीतरी उत्तरेकडून आलेलं हे रक्त वाटेत मिसळत, बदलत इथवर पोहोचलं.

याच मुलखात आज इराक्व लोक राहतात. तेही कुशिटिक बोलतात. बेजांच्या डोंगरांपासून सरळ रेषेत अडीच हजार किलोमीटर दूर.

जीभ दातांमागे टेकवा, तिच्या कडेनं वारा सोडत 'ले' म्हणा.

इराक्वांची गाय.