काल काय झालं, ते सांग ना

नमस्कार. मागे आवाज येतोय ना? बरं. विषय आहे लहान मुलांच्या स्पीच थेरपीत क्रियापदांचे काळ शिकवायला ॲप कसं वापरायचं, आणि वेळ पंचवीस मिनिटं. समोर बरेच आईबाबा दिसतायत, आजीआजोबाही आलेत, बीएएसएलपी, म्हणजे श्रवण आणि वाचा उपचाराची पदवी, करणारी मुलंमुलीही आहेत, त्यामुळे भाषा उशिरा येणं म्हणजे काय ते मी सांगत बसत नाही, थेट माझ्याकडे थेरपीला येणाऱ्या एका मुलाचं सांगते.

साडेपाच वर्षांचा. ऐकू नीट येतं, समज छान, शब्द भरपूर, पण वाक्य बोलला की सगळं आत्ताच घडतंय. शाळेतून आला की आजी विचारायची, काय केलंस रे आज, तर हा म्हणणार "मी डबा खातो". आजी लगेच डबा उघडून बघायची, तो रिकामा! काल मामाकडे गेला होतास ना, तर "मामाकडे जातो". आईने पैसे भरून एक ॲप घेतलं होतं. चित्रात मुलगा सफरचंद खातोय, खाली तीन बटणं, झालं, होतंय, होणार. बरोबर बटण दाबलं की टाळ्या आणि एक तारा. पोराने दोन आठवड्यांत सगळे तारे जमवले. आई मला स्क्रीनशॉट दाखवत होती, इतकी खूश होती, आणि शेजारी बसून हा म्हणाला, "मी तारा मिळतो". तिचा चेहरा जो उतरला ना, तो मला अजून आठवतो.

मग मी ते ॲप घरी आणून रात्री आवाज लावून पूर्ण ऐकलं. भूतकाळाचं वाक्य काय होतं सांगू? "मुलगा सफरचंद खाल्ला." ऐकलंत? 'मुलाने' नाही, 'खाल्लं' नाही. इंग्रजी वाक्य जसंच्या तसं उचललं आणि 'ने' वाटेतच सांडला. मी त्यांना दोनदा मेल केला, उत्तर आलं की पुढच्या अपडेटमध्ये बघतो. मला खरंच राग आला, आणि तो अजून गेलेला नाही, कारण ज्या मुलाला भाषा सहज उचलता येत नाही त्याच्या कानावर चुकीचं वाक्य शंभर वेळा पडतं, आणि वर टाळ्या वाजतात.

इंग्रजीत काय आहे, वॉकला ईडी लावा, वॉक्ड झालं, कोण चाललं, काय खाल्लं याच्याशी क्रियापदाला देणंघेणं नाही. रॉजर ब्राऊन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये तीन मुलांच्या बोलण्यावरून दाखवलं की इंग्रजी शिकणारी मुलं आधी आयएनजी उचलतात आणि नियमाचा ईडी बराच नंतर येतो. इंग्रजी मुलांसाठी ते ठीकच आहे. आपल्याकडे बघा, आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं, आंबे खाल्ले. खाणारा तोच, क्रियापद मात्र खाल्लेल्या वस्तूच्या मागे गेलं. आणि पाणी 'तो प्याला' पण चालतं, 'त्याने प्यायलं' पण चालतं! जेवला, विसरला, शिकला यांना 'ने' लागत नाही. म्हणजे आपल्या मुलाला काळ शिकायचा तर लिंग, वचन आणि 'ने' असं सगळं एकदम पेलावं लागतं. तीन बटणांत ते कसं मावणार?

आणि आपल्या घरात बाळ पहिलं काय बोलतं आठवा. पडलं. संपलं. गेली. 'खातोय' नंतर येतं. मी तरी असंच ऐकत आलेय.

अजून एक, ते ॲप म्हणतं "मुलगा खात आहे". घरात कोण बोलतं असं? आपण 'खातोय' म्हणतो. नागपूरकडे पोरगा खाऊन राहिला म्हणतात, म्हणजे शेवटी 'ला' आला पण खाणं अजून चालूच आहे, आणि त्या घरातलं मूल काही चुकत नाहीये. कोल्हापूर-सोलापूरकडे काही घरांत 'मी केलो' ऐकू येतं. ते दुरुस्त करायला आपण बसलेलो नाही. घरची बोली हीच त्या मुलाची भाषा, थेरपी त्याच बोलीत झाली पाहिजे, यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

आणि 'परवा' घ्या. काल आणि उद्या वेगळे आहेत आपल्याकडे, पण परवा मागचा पण आणि पुढचा पण! परवा गेलो, परवा जाईन. सगळा भार क्रियापदावर. त्यात आपण दारातून ओरडतो, "आलो हं!" आणि अजून चप्पल पण घातलेली नसते. (हशा) हसताय, पण त्या पोराने यातून काय समजायचं?

चिठ्ठी आली, सहा मिनिटं उरलीत. ॲपचं राहिलंच, भरभर सांगते.

माझं म्हणणं एवढंच की काळ शिकवायला सगळ्यात चांगलं ॲप म्हणजे फोनमधला कॅमेरा. एका चित्रातून 'झालं' दिसत नाही, 'झालं' कळायला मुलासमोर काहीतरी घडून संपलेलं असायला लागतं, आणि ते त्याच्या स्वतःच्या हातून घडलं तर फारच उत्तम. आम्ही त्या मुलासोबत लिंबू सरबत केलं, मी व्हिडिओ काढला. सरबतच का, तर लिंबू पिळलं, साखर घातली, चमचा फिरवला, तिन्ही लिंगं एका ग्लासात. मग दोघांनी बसून व्हिडिओ बघायचा. पिळायच्या आधी पॉज, "आता काय करणार? पिळणार." चालू असताना "पिळतोय." संपल्यावर पुन्हा पॉज, "पिळलं." प्रश्नांचा भडिमार नको, 'बोल बोल' तर अजिबात नको. तो चुकला की त्याचंच वाक्य बरोबर करून सहज परत म्हणायचं, याला रिकास्ट म्हणतात. 'करला', 'जाला' म्हणाला तर घाबरू नका, त्याला नियम सापडलाय, केला-गेला नंतर येईल. चित्रांचं ॲप वापरायचंच असेल तर ज्यात स्वतःचे फोटो आणि स्वतःचा आवाज टाकता येतो ते घ्या, आणि आवाज आजीचा टाका.

फोन मुलाच्या हातात देऊन आपण स्वयंपाकाला जायचं नाही. २००३ मध्ये बाळं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली, समोर माणूस बसून बोलला तेव्हा बाळांना तिचे आवाज ओळखता आले, तेच व्हिडिओवरून नाही आले. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलंय, दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून स्क्रीन दिवसात तासाच्या वर नको, कमी असेल तेवढं बरं. माझ्या सेशनमध्ये चाळीस मिनिटांत फोन सात-आठ मिनिटं. पण हो, जी मुलं बोलतच नाहीत आणि आयआयटी मुंबईत तयार झालेल्या जेलोसारख्या, चित्र दाबलं की शब्द बोलून दाखवणाऱ्या ॲपमधून बोलतात, त्यांच्या हातातून ते 'स्क्रीन टाइम' म्हणून काढून घेऊ नका, तो त्यांचा आवाज आहे.

त्या मुलाचं सांगते आणि थांबते. सरबताचा व्हिडिओ तो घरी आजीला दाखवत होता, चौथ्या का पाचव्या आठवड्यात, आणि म्हणाला, "आजी, मी साखर घातला." आजी म्हणाली, "हो का, साखर घातलीस?" तर म्हणतो, "घातली. चमचा पडला." आईने मला रात्री साडेदहाला फोन केला.

माइक तिसऱ्या रांगेत द्या हो कुणीतरी, त्या ताई मघापासून हात वर करून बसल्यात.