दोन केंद्रकांची पेशी

[बशीतला गुलाबी द्राव काढला जातो]
आधी पोषक द्राव काढायचा, मग झाकण. साधं प्लॅस्टिकसुद्धा अतिनील किरण अडवतं, म्हणून बशी उघडीच ठेवावी लागते. निळसर दिवा लागतो आणि मोजून काही सेकंदांत विझतो. तरंगलांबी 254 नॅनोमीटर. उन्हातले असले किरण ओझोन वरच्या वर शोषून घेतो, आपल्या अंगावर येतात ते जरा लांब तरंगांचे. पण डीएनएला होणारी इजा त्याच जातीची.

[सूक्ष्मदर्शकाखाली पेशी]
या पेशी माणसाच्या त्वचेतल्या. वरून बघाल तर काहीच झालेलं नाही. आत मात्र डीएनएच्या एकाच धाग्यावरची शेजारशेजारची दोन थायमिन, म्हणजे डीएनएच्या लिपीतली दोन अक्षरं, एकमेकांना चिकटली आहेत आणि तिथला पीळ बिघडलाय. पी53 नावाचं प्रथिन पेशीचं विभाजन थांबवून धरतं. आणि रफूकाम सुरू होतं. बिघाड हुडकणारी प्रथिनं वेगळी, तिथला पीळ उलगडणारी वेगळी, दोन्ही बाजूंनी कातरणारी वेगळी. बिघडलेली अक्षरं दोनच, पण कापून निघतो साधारण 30 अक्षरांचा तुकडा! समोरचा धागा शाबूत असतो. तो बघून नवी अक्षरं भरायची, शेवटी टाका घालायचा.

[जुनी कृष्णधवल छायाचित्रं]
हे रफू दिसावं म्हणून पेशींना किरणोत्सारी थायमिडीन देतात, म्हणजे थायमिनचं अक्षर भरायचा कच्चा माल. वरून फोटोच्या फिल्मवर असतो तसला लेप, काही दिवस अंधार, मग डेव्हलप. जिथे नवी अक्षरं भरली गेली तिथे काळे कण. डावीकडचं केंद्रक बघा, तीळ भुरभुरल्यासारखं. उजवीकडचं जवळजवळ कोरं.

कोरं केंद्रक झेरोडर्मा पिग्मेंटोझम, थोडक्यात एक्सपी, या ऊन न सोसणाऱ्या आजाराच्या रुग्णाचं. सॅन फ्रान्सिस्कोत जेम्स क्लीव्हर पेशींच्या दुरुस्तीवर काम करत होते. या आजाराबद्दल त्यांनी वाचलं ते चक्क वर्तमानपत्रात. त्यांनी रुग्णांच्या त्वचेतल्या पेशी मिळवल्या आणि 1968 मध्ये दाखवून दिलं, की या पेशींना रफूच जमत नाही.

चार वर्षांनी रॉटरडॅममध्ये दोन वेगवेगळ्या रुग्णांच्या पेशी एकमेकींत मिसळून एक केल्या गेल्या. एका पेशीत दोन केंद्रकं, दोन्ही आजारी.

[दोन केंद्रकांची पेशी. दहा सेकंद निवेदन नाही]

दोन्हींवर तीळ. एकीकडे जे नव्हतं ते दुसरीकडे होतं.

अशा जोड्या लावत लावत रुग्णांचे गट पडले, ए पासून जी पर्यंत. आज प्रयोगशाळेत एक्सपीए, एक्सपीसी, एक्सपीएफ ही प्रथिनांची नावं दिवसभर तोंडात असतात. त्यातलं शेवटचं अक्षर म्हणजे रुग्णांचा गट, कुणीतरी दिलेला त्वचेचा तुकडा. या दुरुस्तीची यंत्रणा उलगडणारे अझीझ सांजार 2015 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी झाले. तुकडे देणाऱ्यांची नावं कुठल्या यादीत सापडत नाहीत.

[खिडकीच्या काचेवर फिल्म]
रफू जमलं नाही तर पेशी मरते, नाहीतर चुकीसकट विभागत राहते. या आजारात विशीच्या आत त्वचेच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या सुमारे 10,000 पट असतो, आणि आजार मुळातून बरा करणारं औषध नाही.

आईच्या हातात अतिनील किरणांचं मीटर आहे. काचेपाशी धरून ती आकडा बघते. शून्य आला की पडदा बाजूला सरकवते.

[यापुढे निवेदन नाही. अंगण, सायकल]