दोन ब्रायन, एक खुर्ची

[पडद्यावर: फोनवरचे मेसेज, एकेक करून]

२४ जानेवारी २०२२. ब्रायन फ्लोरेस यांच्या फोनवर बिल बेलिचिक यांचा मेसेज येतो. बेलिचिक म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधले सगळ्यांत दबदब्याचे प्रशिक्षक, शिवाय फ्लोरेस यांचे जुने साहेब. 'जमलं म्हणायचं तुझं. अभिनंदन!' फ्लोरेस गोंधळतात. न्यूयॉर्क जायंट्स संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदासाठी त्यांची मुलाखत अजून व्हायचीय, ती आहे गुरुवारी. बेलिचिक कळवतात, माझ्या कानावर आलंय, त्यांना तूच हवा आहेस. फ्लोरेस खूश. मग कुठेतरी पाल चुकचुकते. 'कोच, तुम्ही ब्रायन फ्लोरेसशी बोलताय की ब्रायन डेबॉलशी? खात्री करून घेतोय.'

उत्तर येतं ते दिलगिरीचं. वाचण्यात घोळ झाला. ते बहुतेक डेबॉलला घेताहेत.

फ्लोरेस कृष्णवर्णीय, डेबॉल गोरे. तरीही फ्लोरेस गुरुवारी मुलाखतीला गेले. मुलीचं लग्न एका घरी पक्कं करून ठेवायचं आणि दुसऱ्या मुलाला कांदेपोह्यांना बोलवायचं, तसला हा प्रकार. शुक्रवारी डेबॉल यांचं नाव जाहीर झालं. १ फेब्रुवारीला फ्लोरेस यांनी जायंट्सवर, आणखी काही संघांवर आणि थेट नॅशनल फुटबॉल लीगवर, म्हणजे एनएफएलवर, वर्णभेदाचा दावा ठोकला.

जायंट्सचं म्हणणं, फ्लोरेस शेवटच्या क्षणापर्यंत शर्यतीत होते. लीगने त्याच दिवशी सांगून टाकलं, दाव्यात काही तथ्य नाही. आणि चार दिवसांनी लीगचे कमिशनर रॉजर गुडेल यांनी सगळ्या संघांना कळवलं की मुख्य प्रशिक्षकांच्या बाबतीत आपली कामगिरी अस्वीकारार्ह आहे. एकाच आठवड्यातली ही दोन विधानं एकाच तोंडची आहेत, यावर विश्वास ठेवायला जरा वेळ लागतो.

बत्तीस संघ. खेळाडूंमध्ये कृष्णवर्णीय बहुसंख्य. दावा दाखल झाला त्या दिवशी कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक होते एक. पिट्सबर्गचे माइक टॉमलिन.

[पडद्यावर: जुनी कृष्णधवल छायाचित्रं, १९२१चा अॅक्रन संघ]

सुरुवात खरं तर फार लवकर झाली होती. १९२१ मध्ये, लीगच्या दुसऱ्याच वर्षी, फ्रिट्झ पोलार्ड हे कृष्णवर्णीय खेळाडू अॅक्रन संघाच्या प्रशिक्षकपदाची धुराही सांभाळत होते. त्यानंतरचा कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक थेट १९८९ मध्ये. त्या वर्षी रेडर्स संघाच्या मालकांनी आर्ट शेल यांना नेमलं.

मालक मंडळींचं उत्तर नेहमी एकच असतं: आम्हाला रंग दिसत नाही, जो जिंकून देईल तो आमचा. ठीक आहे, जिंकणंच मोजू. २००२ मध्ये जॉनी कॉक्रन आणि सायरस मेहरी या दोन वकिलांनी अर्थतज्ज्ञ जॅनिस मॅडन यांच्याकडून नेमकं तेच मोजून घेतलं. मागच्या पंधरा वर्षांत कृष्णवर्णीय प्रशिक्षकांनी गोऱ्यांपेक्षा हंगामाला सरासरी १.१ सामने जास्त जिंकले होते. सोळा सामन्यांच्या हंगामात एका विजयावर प्लेऑफ हुकतो, तेव्हा हा फरक किरकोळ नाही. प्रशिक्षक मोजकेच, त्यामुळे आकडेवारी तोकडी, हे कबूल. पण त्याच वर्षी टँपा बे संघाने टोनी डन्जी या कृष्णवर्णीय प्रशिक्षकांना नारळ दिला होता. सहा हंगामांत चार वेळा प्लेऑफ गाठलेला माणूस! पुढच्याच हंगामात नव्या प्रशिक्षकाने टँपाला सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला, हेही सांगायला हवं. डन्जी यांनी तो इंडियानापोलिसला जिंकून दिला, फेब्रुवारी २००७ मध्ये. समोर शिकागोचे लव्ही स्मिथ, तेही कृष्णवर्णीय.

मॅडन यांच्या अहवालानंतर २००३ मध्ये रूनी नियम आला. पिट्सबर्गचे मालक डॅन रूनी यांच्या नावाचा. मुख्य प्रशिक्षक नेमण्याआधी किमान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घ्यायची, एवढंच बंधन. पहिल्याच वर्षी डेट्रॉइटने स्टीव्ह मारियुची यांना नेमलं. ज्या कृष्णवर्णीय उमेदवारांना बोलावलं, त्यांनी यायलाच नकार दिला. नेमणूक कुणाची होणार हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, मग कशाला जायचं? संघाच्या अध्यक्षांना दोन लाख डॉलर दंड झाला.

[पडद्यावर: टीव्ही स्टुडिओ]

आता पत्रकारांकडे वळू. त्याच २००३ च्या सप्टेंबरात ईएसपीएन या क्रीडा वाहिनीवर रेडिओवरचे उजवे भाष्यकार रश लिंबॉ म्हणाले, कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रं हातात असलेला खेळाडू) आणि कृष्णवर्णीय प्रशिक्षक यशस्वी व्हावेत अशी प्रसारमाध्यमांचीच इच्छा आहे, म्हणून फिलाडेल्फियाचा क्वार्टरबॅक डोनोव्हन मॅकनॅबचं नको तेवढं कौतुक होतं. गदारोळ झाला, लिंबॉ यांनी काही दिवसांतच राजीनामा दिला. हा आरोप आजही वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येतो. पण माध्यमं कुणाच्या कलाने लिहितात ते पाहायचं तर भाषणं सोडून भरतीच्या मोसमातल्या बातम्या वाचाव्यात.

कृष्णवर्णीय एरिक बिएनिमी यांचं उदाहरण घ्या. २०१८ ते २०२२ या हंगामांत ते कॅन्सस सिटीच्या आक्रमणाचे समन्वयक होते. पाच हंगामांत दोन सुपर बोल. दहाहून अधिक संघांनी मुख्य प्रशिक्षकपदासाठी मुलाखती घेतल्या. नेमणूक शून्य. बातम्यांत कारण यायचं: चाली ते ठरवतच नाहीत, ते काम मुख्य प्रशिक्षक अँडी रीड करतात. खरंच आहे. पण बिएनिमींच्या आधी त्याच खुर्चीत डग पीडरसन होते, मग मॅट नॅगी. तेव्हाही सूत्रं मुख्यतः रीड यांच्याच हातात होती. पीडरसन फिलाडेल्फियाचे मुख्य प्रशिक्षक झाले, नॅगी शिकागोचे. दोघेही गोरे. त्यांच्या वेळी ही उणीव आड आली नाही. बिएनिमींच्या वेळी तीच बातमी झाली, वर 'मुलाखतीत छाप पडत नाही' अशी नाव न सांगणाऱ्या सूत्रांची पुस्ती. आणि ही सूत्रं म्हणजे कोण? संघांचे अधिकारी आणि एजंट. नेमणुकीची बातमी सगळ्यांत आधी हवी असलेला वार्ताहर त्यांच्याशी वाकडं घेत नाही. द्वेषाची गरजच पडत नाही. ओळखी सांभाळल्या की काम होतं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये तर इंडियानापोलिसचे मालक जिम इर्से यांनी जेफ सॅटर्डे यांना हंगामी मुख्य प्रशिक्षक केलं. उत्तम माजी खेळाडू, गोरे, ईएसपीएनचे विश्लेषक. प्रशिक्षक म्हणून अनुभव फक्त शाळेच्या संघाचा. बरं झालं त्यांना एनएफएलमधल्या प्रशिक्षणाचा अनुभव नाही, असं इर्से स्वतः म्हणाले. पहिला सामना जिंकले, नंतरचे सातही हरले.

आणि कृष्णवर्णीयांना संधी मिळाल्यावर? ह्यूस्टनने डेव्हिड कली यांना एका हंगामात काढलं, पाठोपाठ लव्ही स्मिथ यांनाही एकाच हंगामात. दोघांचे हंगाम वाईट होते, वाद नाही. संघही तसाच मोडका होता. अॅरिझोनाने २०१८ नंतर स्टीव्ह विल्क्स यांना एका वर्षात निरोप दिला आणि त्यांच्या जागी गोऱ्या क्लिफ किंग्सबरींना आणलं. टेक्सास टेक विद्यापीठाने त्यांना नुकतंच काढलं होतं. तिथली कामगिरी ३५ विजय, ४० पराभव. पण त्यांच्याभोवती आक्रमणातल्या बुद्धिमत्तेचं वलय होतं, आणि ते वलय उभं करण्यात वार्तांकनाचा हात मोठा. विल्क्स पुढे फ्लोरेस यांच्या दाव्यात सामील झाले.

फ्लोरेस यांना मुख्य प्रशिक्षकपद पुन्हा न मिळता २०२३ मध्ये मिनेसोटाच्या बचावाची जबाबदारी मिळाली. त्याआधी मायामीचे मुख्य प्रशिक्षक असताना त्यांनी ओळीने दोन हंगाम पराभवांपेक्षा विजय जास्त नोंदवले होते, तरी तिथून काढले गेले होते. दावा अजून रेंगाळतोय. लीगला तो लवादाकडे न्यायचा होता, आणि लवाद कोण, तर लीगचे कमिशनर गुडेलच. ऑगस्ट २०२५ मध्ये अपील न्यायालयाने ते मान्य केलं नाही. जायंट्स, डेन्व्हर, ह्यूस्टन आणि लीगविरुद्धचा भाग उघड कोर्टात चालायला वाट मोकळी झाली. तो चालला, तर गुरुवारच्या मुलाखतीआधी कुणी कुणाला काय शब्द दिला होता, हे शपथेवर सांगावं लागेल.